घरातल्या एकाचा आजार इतरांना लागू नये म्हणून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की आणि पुन्हा थंडी पडू लागली की हे प्रश्न सर्वाधिक येतात. त्यांतल्या बहुतेकांमागे एकच अडचण दिसते : लोक काळजी भरपूर घेतात, पण ती चुकीच्या जागी घेतली जाते. क्षयरुग्णाचे ताट वेगळे केले जाते आणि खिडकी मात्र बंद राहते. जुलाब झालेल्या मुलाला मास्क लावला जातो आणि त्याची शी धुतलेले हात नुसते पाण्याखाली धरले जातात. म्हणून पुढील उत्तरांत आजार कोणत्या वाटेने जातो हे आधी सांगितले आहे आणि ती वाट कशी अडवायची हे त्यानंतर. निदान आणि औषधे डॉक्टरांनीच ठरवायची आहेत, हे गृहीत धरले आहे.

१. सगळेच आजार एकाकडून दुसऱ्याला लागतात का?

नाही. मधुमेह, रक्तदाब, दमा, कर्करोग, फिट येणे यांपैकी काहीही सहवासाने लागत नाही. जे लागतात त्यांच्याही वाटा वेगवेगळ्या आहेत. सर्दी-पडसे, इन्फ्लुएन्झा आणि कोविड हे खोकताना, शिंकताना आणि बोलतानाही उडणाऱ्या थेंबांतून व सूक्ष्म कणांतून पसरतात. क्षय, गोवर आणि कांजिण्यांचे जंतू खोलीच्या हवेत तरंगत राहतात; गोवराचा विषाणू तर रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही २ तासांपर्यंत तिथल्या हवेत टिकू शकतो. जुलाब, टायफॉईड आणि ‘ए’ व ‘ई’ प्रकारची कावीळ यांचे जंतू विष्ठेतून हातावर, पाण्यात किंवा अन्नात येतात आणि तिथून दुसऱ्याच्या तोंडात जातात. खरूज, नायटा आणि डोळे येणे यांची वाट स्पर्शाची आणि टॉवेल-अंथरुणाची आहे. डेंग्यू, मलेरिया आणि चिकुनगुनिया यांना डास लागतो. ‘बी’ व ‘सी’ प्रकारची कावीळ आणि एचआयव्ही रक्तातून, लैंगिक संबंधांतून किंवा आईकडून बाळाला जातात. एका ताटात जेवल्याने नाही.

२. घरात एकाला ताप आला आहे, पण कशाचा ते अजून कळलेले नाही. पहिल्या दिवशी काय करावे?

निदानाची वाट न पाहता चार गोष्टी लगेच सुरू कराव्यात, कारण इन्फ्लुएन्झासारख्या आजारात पहिले दोन-तीन दिवसच सर्वाधिक संसर्गाचे असतात. रुग्णाची झोपायची जागा ठरवावी आणि ती खिडकीजवळ असावी. त्याच्याकडे एकानेच पाहावे. त्याचा टॉवेल, रुमाल आणि पाण्याचा तांब्या वेगळा करावा. आणि दिवसासुद्धा त्याला मच्छरदाणीत झोपवावे. शेवटची सूचना अनेकांना अनावश्यक वाटते, परंतु पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा नाही असे पहिल्या दिवशी कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही (कारण प्रश्न १६ मध्ये आहे).

पुढील लक्षणांपैकी एकही दिसले, तर घरच्या उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे : श्वास लागणे, ओठ निळसर पडणे, ऑक्सिजनचे प्रमाण ९४ टक्क्यांखाली जाणे, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, झटके येणे, पाणीही पोटात न टिकणे, आठ तासांत लघवी न होणे, अंगावर रक्ताळलेले ठिपके उमटणे. तीन महिन्यांखालील बाळाला ताप येणे हे एकच लक्षण पुरेसे आहे. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८ हा क्रमांक आहे.

३. आमचे घर एका खोलीचे आहे. ‘रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवा’ या सल्ल्याचे आम्ही काय करायचे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याला नीट उत्तर मिळणे हा विचारणाऱ्यांचा हक्क आहे. खोली एकच असली, तरी हवेची दिशा, झोपण्याची जागा आणि एकत्र बसण्याची वेळ या तीन गोष्टी आपल्या हातात असतात.

आधी हवा कुठून कुठे जाते ते पाहावे. रुग्ण क्षणभर बाहेर असताना दारात एक उदबत्ती धरावी आणि धूर कोणत्या बाजूला वाहतो ते पाहावे. ज्या बाजूने हवा घराबाहेर पडते, त्या बाजूला, म्हणजे बहुधा खिडकीपाशी किंवा एक्झॉस्ट पंख्याजवळ, रुग्णाचे अंथरूण असावे. जिथून ताजी हवा आत येते तिथे इतरांनी बसावे-झोपावे. हवा आधी निरोग्यांवरून, मग रुग्णावरून आणि मग बाहेर, असा हा क्रम आहे. तो उलटा झाला, म्हणजे दारात रुग्ण आणि आत बाकीचे अशी मांडणी झाली, तर रुग्णाचा प्रत्येक खोकला सर्वांवरून फिरून बाहेर जातो. टेबलफॅन असेल तर त्याचे तोंड रुग्णाकडून इतरांकडे कधीही नसावे. तो खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून लावला, तर एक्झॉस्टचे काम करतो. खिडकी एकच असेल तर दार आणि खिडकी दोन्ही दिवसातून जितका जास्त वेळ उघडी राहतील तितके चांगले. थंडीत वारा लागेल म्हणून सगळे बंद करून झोपण्यापेक्षा रुग्णाला एक पांघरूण जास्त द्यावे आणि खिडकी निदान चार बोटे उघडी ठेवावी. घरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तो आतलीच हवा फिरवतो. त्यामुळे एसी लावला तरी खिडकीची फट हवीच.

झोपताना अंतर किमान एक मीटर आणि शक्य असेल तर दोन मीटर ठेवावे. तेवढी जागा नसेल तर रुग्णाचे डोके जिकडे, तिकडे शेजारच्याचे पाय येतील अशी अंथरुणे घालावीत. मध्ये दोरीवर लावलेला पडदा थेंब काही प्रमाणात अडवतो, पण तो हवा अडवू लागला तर त्याचा तोटाच होतो.

वेळेचा भागही महत्त्वाचा आहे. जेवण एकत्र करू नये, कारण तेव्हाच सगळ्यांचे मास्क उतरतात आणि गप्पा होतात. गॅलरी, ओटी, अंगण किंवा गच्ची असेल आणि रुग्णाला बसवत असेल, तर त्याने दिवसाचा मोठा भाग तिथेच काढणे हा एका खोलीच्या घरातला सर्वांत चांगला उपाय आहे.

४. मास्क रुग्णाने लावायचा की आम्ही?

श्वासावाटे पसरणाऱ्या आजारात दोघांनीही. पण एकालाच शक्य असेल तर रुग्णाने लावावा, कारण थेंब उगमापाशी अडवणे सोपे असते. रुग्णासाठी साधा सर्जिकल मास्क पुरतो. जवळ जाऊन काळजी घेणाऱ्याने एन-९५ वापरावा आणि तो झडप नसलेला असावा. दोन वर्षांखालील मुलांना, झोपेत असलेल्यांना आणि धाप लागलेल्या रुग्णाला मास्क लावू नये. जुलाब, खरूज किंवा डेंग्यू यांत मास्कचा उपयोग नाही. अपवाद उलटीचा, त्यासाठी प्रश्न ७ पाहावा.

५. हात किती वेळ धुवायचे? सॅनिटायझर पुरेसे नाही का?

साबण लावून किमान २० सेकंद चोळावेत, आणि त्यांत अंगठे, बोटांच्या बेचक्या व नखांखालची जागा यायला हवी. बहुतेकांचे तळहात स्वच्छ धुतले जातात आणि अंगठे राहून जातात. अंगठीखाली साबण पोचत नाही, म्हणून रुग्णाची सेवा करताना ती काढून ठेवावी. बादलीत हात बुडवून धुण्यापेक्षा दुसऱ्याने तांब्याने पाणी घालावे किंवा नळाखाली धुवावेत. साबणाची महाग वडी लागत नाही. कोणताही साबण चालतो. हात पुसायला घरात एकच नॅपकिन टांगलेला असेल, तर धुण्याचा निम्मा फायदा तिथेच जातो.

सॅनिटायझरमध्ये किमान ६० टक्के अल्कोहोल असेल, तर सर्दी-तापाच्या बहुतेक विषाणूंवर तो चालतो. मात्र उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर त्याचा भरवसा धरता येत नाही आणि मळलेल्या, तेलकट हातांवर तो निकामी ठरतो. पोटाच्या आजारात साबण-पाणीच वापरावे.

६. रुग्णाचे ताट, वाटी, पेला कायमचे वेगळे करावेत का?

नाही. एकाच वेळी एकाच पेल्यातून पाणी पिणे, उष्टे खाणे किंवा रुग्णाच्या चमच्याने बाळाला भरवणे टाळावे, परंतु साबणाने घासून, वाहत्या पाण्याखाली धुऊन वाळवलेली भांडी सर्वांनी वापरावीत. क्षयाचे जंतू भांड्यांवाटे पसरत नाहीत. आजारपण संपल्यावरही ज्यांचे ताट वेगळे राहते, अशा माणसांची पत्रे वाचताना फार वाईट वाटते. त्यांना त्या ताटाने आजारापेक्षा जास्त दुखावलेले असते आणि घराला त्यातून कोणतेही संरक्षण मिळालेले नसते.

पाण्याच्या माठाकडे मात्र लक्ष द्यावे. पेला आत बुडवून पाणी घेतले की बोटे पाण्याला लागतात. लांब दांड्याचे ओगराळे वापरावे आणि माठाला तोटी असेल तर उत्तमच.

७. मुलाला उलट्या-जुलाब होत आहेत. साफसफाई नेमकी कशी करावी?

नोरोव्हायरस किंवा रोटाव्हायरसच्या उलटीत आणि शीमध्ये विषाणूंची संख्या प्रचंड असते आणि लागण होण्यासाठी त्यांतले अगदी थोडे पुरतात. म्हणूनच एका मुलापासून सुरू झालेली ओकारी दोन-तीन दिवसांत सगळ्या घराला गाठते.

उलटी झाल्याबरोबर इतर मुलांना खोलीबाहेर न्यावे, खिडक्या उघडाव्यात आणि साफ करणाऱ्याने हातमोजे व मास्क घालावा, कारण उलटीचे बारीक तुषार हवेत उडतात. हातमोजे नसतील तर हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवाव्यात. उलटीवर जुने वर्तमानपत्र किंवा फडके टाकून ती शोषू द्यावी आणि कडेकडून मध्याकडे गोळा करावी. मध्यापासून बाहेर पुसत गेल्यास घाण पसरते. गोळा केलेले सारे पिशवीत बांधून टाकावे. त्यानंतर जागा साबणाच्या पाण्याने पुसावी आणि मग ब्लीचचे पाणी ओतून १० मिनिटे तसेच राहू द्यावे. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइटचे प्रमाण ४ ते ५ टक्के लिहिलेले असेल, तर १ लिटर पाण्यात २० ते २५ मिलिलिटर द्रावण घातल्यास पुरेशी तीव्रता मिळते. हे पाणी रोजच्या रोज नवे करावे. उलटी जिथे दिसते त्याच्या आसपासचा दोनेक मीटरचा भाग, भिंतीचा खालचा पट्टा आणि खाटेचे पायही पुसून घ्यावेत.

ब्लीचमध्ये संडास साफ करायचे ॲसिड किंवा दुसरे कोणतेही द्रावण कधीही मिसळू नये. दोन्ही एकत्र आल्यास क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. फिनाइलचा वास येतो म्हणून जागा निर्जंतुक झाली असे समजू नये. नोरोव्हायरससाठी ब्लीचच हवे.

बाळाचे लंगोट किंवा डायपर बदलताना स्वयंपाकाच्या ओट्याजवळ बसू नये. लहान बाळाची शी निरुपद्रवी असते, हा समज चुकीचा आहे. पिण्याचे पाणी खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळावे आणि त्याच भांड्यात झाकून गार करावे.

८. संडास एकच आहे, किंवा चाळीत सामायिक आहे. काय करावे?

पोटाच्या आजारात संसर्ग बैठकीपेक्षा हाताला लागणाऱ्या वस्तूंवरून अधिक होतो : कडी, नळाची चावी, मग, फ्लशचे बटण. रुग्णाने वापरल्यानंतर या चार ठिकाणी ब्लीचच्या पाण्याने पुसणे, हे संपूर्ण संडास दिवसातून एकदा धुण्यापेक्षा अधिक कामाचे आहे. कमोडला झाकण असेल तर ते लावूनच फ्लश करावे. सामायिक संडासासाठी रुग्णाने स्वतःचा मग आणि साबणाची वडी घेऊन जावे. शेजाऱ्यांना सांगायला संकोच वाटतो, हे समजण्यासारखे आहे, पण जुलाबाची साथ एका मजल्यावर पसरली की ती पुन्हा आपल्याच घरी येते, म्हणून सांगावे.

९. कपडे आणि चादरी वेगळ्या धुवाव्यात का?

साध्या ताप-खोकल्यात नाही. नेहमीच्या साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवणे पुरते. उलटी किंवा शी लागलेले कपडे मात्र न झटकता, आधी मळ काढून, वेगळे गरम पाण्यात धुवावेत आणि नंतर हात धुवावेत. खरजेसाठी वेगळे नियम आहेत (प्रश्न १४).

१०. स्वयंपाक करणारीच व्यक्ती आजारी पडली तर?

सर्दी-खोकला असेल आणि दुसरे कोणी करणारे नसेल, तर मास्क लावून, हात धुऊन, शिजवलेले अन्न करता येते. जुलाब-उलट्या असतील तर स्वयंपाक करू नये, आणि त्या थांबल्यानंतरही ४८ तास करू नये. कोशिंबीर, चटणी, दहीभात, कापलेली फळे हे ज्यांत हात थेट लागतो आणि नंतर आच लागत नाही, ते पदार्थ सर्वांत धोक्याचे असतात. पोळी तव्यावर भाजली जाते, कोशिंबीर नाही. बहुतेक घरांत ही आजारी व्यक्ती आई किंवा सून असते आणि ‘तिच्याशिवाय चालत नाही’ हे कारण दिले जाते. तीन-चार दिवस घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी खिचडी टाकली, तर तिला विश्रांती मिळते आणि घरालाही आजार लागत नाही.

११. आजारी माणूस किती दिवस संसर्ग पसरवू शकतो? शाळेत किंवा कामावर कधी जावे?

इन्फ्लुएन्झात लक्षणांच्या एक दिवस आधीपासून साधारण पाच ते सात दिवसांपर्यंत, लहान मुलांत त्याहून जास्त. औषध न घेता २४ तास ताप नसेल आणि खोकला कमी होत असेल, तरच बाहेर पडावे. पॅरासिटामॉल देऊन ताप दाबून मुलाला शाळेत पाठवणे हे इतरांच्या मुलांवर अन्याय करणे आहे. गोवरात पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पुरळ उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत. कांजिण्यांत पुरळाच्या एक-दोन दिवस आधीपासून शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत. गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस. जुलाब-उलट्यांत थांबल्यानंतर ४८ तास. ‘ए’ प्रकारच्या काविळीत डोळे पिवळे होण्याच्या सुमारे दोन आठवडे आधीपासून नंतरच्या एका आठवड्यापर्यंत, म्हणजे आजार कळण्याआधीच बराच संसर्ग होऊन गेलेला असतो.

हातापायांवर आणि तोंडात फोड आणणाऱ्या हँड-फूट-माउथ या आजारात फोड वाळल्यानंतरही शीतून विषाणू काही आठवडे बाहेर पडतो. मुलाला तितका काळ घरी ठेवण्याची गरज नसते, पण हात धुण्याचा नियम तितका काळ पाळावा लागतो.

१२. काळजी कोणी घ्यावी आणि कोणी दूर राहावे?

शक्यतो एकाच निरोगी, प्रौढ व्यक्तीने, आणि तो आजार आधी होऊन गेलेल्या किंवा त्याची लस घेतलेल्या व्यक्तीने. गर्भवती, वर्षाखालील बाळ, साठीपुढचे, मधुमेही, डायलिसिसवर असलेले, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असलेले यांनी दूर राहावे. ज्या घरात असे कोणी आहे, तिथे इतर सर्वांनी दरवर्षी इन्फ्लुएन्झाची लस घेणे हे त्या माणसाभोवती कडे उभारण्यासारखे आहे. सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देता येत नाही, त्यामुळे त्याचे रक्षण इतरांच्या लसीवरच अवलंबून असते.

गोवराबाबत आणखी एक. लस न घेतलेल्या मुलाचा गोवराच्या रुग्णाशी संपर्क आला असेल, तर ७२ तासांच्या आत लस दिल्याने आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो, म्हणून त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. एरवी गोवर-रुबेलाची लस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत मोफत मिळते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी भागात, गोवराची साथ आली तेव्हा लस राहून गेलेल्या मुलांनी तिची सर्वाधिक किंमत मोजली.

१३. घरात कांजिण्या आल्या आहेत. आंघोळ घालावी का? आणि घरात गर्भवती सून आहे.

आंघोळ घालावी. कोमट पाण्याने, अंग न घासता, आणि नंतर टॉवेलने टिपून घ्यावे. आंघोळ बंद ठेवल्याने खाजवलेल्या फोडांत पू होण्याची शक्यता वाढते. नखे कापावीत. अंथरुणाशी कडुलिंबाचा पाला ठेवण्याची रीत ज्या घरांत आहे तिथे ती पाळण्याने अपाय होत नाही, मात्र त्याने इतरांना होणारी लागण थांबत नाही. मुलाला ॲस्पिरिन देऊ नये. या आजारात त्याने यकृत आणि मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतो.

गर्भवतीला पूर्वी कांजिण्या झाल्या असतील किंवा लस मिळाली असेल, तर बहुधा चिंतेचे कारण नाही. तसे नसेल किंवा आठवत नसेल, तर पुरळाची वाट न पाहता संपर्क आल्याच्या दिवशीच तिच्या डॉक्टरांना कळवावे, कारण प्रतिबंधक इंजेक्शन वेळेत द्यावे लागते. गर्भारपणात ही लस देत नाहीत. बाळंतपणाच्या पाच दिवस आधीपासून नंतरच्या दोन दिवसांपर्यंत आईला कांजिण्या उठल्या, तर बाळाला गंभीर आजाराचा धोका असतो आणि त्याला रुग्णालयातच ठेवावे लागते.

आजोबांना नागीण झाली तर नातवाला नागीण होत नाही, पण फोडांच्या पाण्याशी संपर्क आल्यास कांजिण्या होऊ शकतात. दोन्ही आजारांचा विषाणू एकच आहे. फोड कपड्याने झाकलेले असावेत आणि खपल्या धरेपर्यंत बाळाला आजोबांच्या मांडीवर देऊ नये.

१४. खरूज पुन्हा पुन्हा येते. औषध लावूनही जात नाही, असे का?

बहुधा औषध फक्त खाजवणाऱ्यालाच लावले जाते म्हणून. खरजेच्या किड्याची पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायला दोन ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे घरात ज्यांना अजून खाज नाही त्यांच्या अंगावरही किडे असू शकतात. उपचार एकाच रात्री, घरातल्या सर्वांनी, खाज असो वा नसो, करायला हवा. डॉक्टरांनी परमेथ्रिनचे ५ टक्क्यांचे मलम दिले असेल, तर ते मानेपासून तळपायांपर्यंत लावावे. बोटांच्या बेचक्या, काखा, बेंबी, कंबर, जननेंद्रियांभोवतीची जागा आणि नखांखाली लावायला विसरू नये. आठ ते चौदा तासांनी आंघोळ करावी. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावावे. एका आठवड्याने पुन्हा हेच करावे. तान्ह्या बाळांच्या डोक्यालाही लावावे लागते. त्यांच्यासाठी आणि गर्भवतींसाठी डॉक्टरांना विचारूनच लावावे.

गेल्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल त्याच सकाळी गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकावेत. गोधडी, गादी, मुलांची कापडी खेळणी धुता येत नसतील तर ती घट्ट बांधलेल्या पिशवीत किमान तीन दिवस ठेवावीत. माणसाच्या अंगाविना हा किडा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. वसतिगृहातून सुट्टीला आलेल्या मुलासह सगळे घर मोजावे. उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते आणि केवळ त्यावरून औषध लागू पडले नाही असे ठरवू नये.

नायट्याबाबत मात्र दुकानातून कोणतेही मलम आणू नये. स्टेरॉइड मिसळलेली मलमे चार दिवस आराम देतात आणि मग नायटा सगळ्या अंगावर आणि सगळ्या घरात पसरवतात.

१५. घरात क्षयरोगी आहे. लहान मुले आहेत. त्याला गावी पाठवावे का?

पाठवू नये. पाठवल्याने उपचार तुटण्याचा धोका वाढतो, आणि अर्धवट उपचार हाच घराला सर्वांत मोठा धोका आहे. फुप्फुसांचा क्षय हवेतून पसरतो. गाठींचा, हाडांचा किंवा मणक्याचा क्षय फुप्फुसांत नसेल तर सहसा पसरत नाही. लागू पडणारी औषधे नियमित सुरू झाल्यावर संसर्ग पसरवण्याची क्षमता झपाट्याने उतरते आणि साधारण दोन आठवड्यांनंतर बहुतेक रुग्णांपासून फारसा धोका उरत नाही. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात हा काळ डॉक्टर ठरवतात. तोवर मास्क, उघड्या खिडक्या आणि वेगळे झोपणे पाळावे (प्रश्न ३ व ४). थुंकी झाकणाच्या डब्यात घ्यावी.

खरी महत्त्वाची गोष्ट घरातल्या इतरांची तपासणी ही आहे. क्षयाचा रुग्ण बहुधा निदानाआधी अनेक आठवडे खोकत असतो, म्हणजे संपर्क होऊन गेलेला असतो. सरकारी आरोग्य केंद्रात घरातल्या सर्वांची तपासणी होते आणि ज्यांना क्षय नाही त्यांना तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध मोफत दिले जाते : सहा महिने रोज, किंवा आठवड्यातून एकदा असे बारा आठवडे. पाच वर्षांखालील मुलांसाठी हे टाळू नये, कारण त्यांच्यात क्षय मेंदूपर्यंत पोचण्याचा धोका अधिक असतो. जन्मल्यावर टोचलेली बीसीजी लस अशा गंभीर प्रकारांपासून संरक्षण देते, पण तिच्यामुळे हे औषध अनावश्यक ठरत नाही. रुग्णाच्या आहारासाठी नि-क्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये मिळतात. खाजगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्यांचीही नोंद झालेली असल्यास ते मिळतात.

१६. डेंग्यू रुग्णाजवळ बसल्याने होत नाही, तर मग रुग्णाला मच्छरदाणी कशासाठी?

इतरांसाठी. तापाच्या दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो. त्याला चावलेला एडिस डास काही दिवसांनी घरातल्या दुसऱ्याला चावून आजार देतो. हा डास दिवसा, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळच्या आधी चावतो, म्हणून मच्छरदाणी दुपारच्या झोपेतही हवी. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्यातून एक दिवस पाण्याची सगळी भांडी रिकामी करून, आतून घासून कोरडी करण्याने त्याची साखळी तुटते. नुसते पाणी ओतून दिल्यास कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी आणि गच्चीवरचे टायर हमखास राहून जातात.

१७. डोळे आलेल्या माणसाकडे पाहिल्याने डोळे येतात का?

नाही. जुलै २०२३ मध्ये आळंदी परिसरातल्या मुलांमध्ये मोठी साथ आली तेव्हा हा समज पुन्हा पसरला होता. आजार डोळ्यांच्या पाण्यातून हातावर आणि हातावरून दुसऱ्याच्या डोळ्यांत जातो. काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो आणि डोळे चोळण्यापासून थोडे रोखतो, एवढेच. टॉवेल, उशीचा अभ्रा, काजळाची डबी आणि डोळ्यांच्या औषधाची बाटली प्रत्येकाची वेगळी हवी. एकाच बाटलीतून सगळ्या घराच्या डोळ्यांत थेंब घालणे हा लागणीचा खात्रीचा मार्ग आहे.

१८. आईला ताप-खोकला आहे. बाळाला अंगावर पाजावे का?

हो. इन्फ्लुएन्झा, कोविड, जुलाब, डेंग्यू यांत दूध थांबवू नये. दुधातून बाळाला संरक्षक घटक मिळतात. पाजण्याआधी हात धुवावेत, मास्क लावावा आणि इतर वेळी बाळ दुसऱ्याकडे द्यावे. क्षयाचे उपचार चालू असतानाही पाजता येते, मात्र बाळाच्या प्रतिबंधक औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलावे. अपवाद : स्तनावर कांजिण्यांचे किंवा हर्पिसचे फोड असतील, तर त्या बाजूने पाजू नये आणि लगेच सल्ला घ्यावा.

१९. घरात धूप, कापूर जाळल्याने किंवा चिरलेला कांदा ठेवल्याने जंतू मरतात का?

नाही. कांदा हवेतले जंतू शोषून घेत नाही. धुराने जंतू मरत नाहीत, पण दम्याच्या, क्षयाच्या आणि खोकणाऱ्या रुग्णाचा त्रास नक्की वाढतो, शिवाय धूर कोंडावा म्हणून खिडक्या बंद केल्या जातात. पूजेत क्षणभर ओवाळलेल्या उदबत्तीबद्दल हे म्हणणे नाही.

२०. एकाला झाले आहे, तर खबरदारी म्हणून सगळ्यांनी अँटिबायोटिक घ्यावे का?

नाही. बहुतेक ताप-सर्दी विषाणूंमुळे असतात आणि त्यांवर अँटिबायोटिक चालत नाही. मागच्या वेळच्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. काही आजारांत मात्र निरोगी संपर्कातल्यांना औषध देतात : क्षय (प्रश्न १५), कुष्ठरोग, घटसर्प, डांग्या खोकला आणि मेंदूज्वराचा एक प्रकार. ते डॉक्टर किंवा आरोग्य खाते ठरवते, आणि त्यांनी दिलेले औषध नाकारू नये.

२१. भेटायला येणाऱ्यांना नको कसे म्हणायचे? आणि घरकामाच्या ताईंचे काय?

‘बरे वाटले की आम्हीच येऊ’ असे फोनवर आधीच कळवावे. डबा घेऊन येणाऱ्यांकडून तो दारातच घ्यावा. घरकामाच्या ताईंना आजार लपवून कामावर बोलावू नये; त्यांच्याही घरी लहान मुले असतात आणि त्या चार घरांत जातात. त्या दिवसांचा पगार कापू नये. त्या स्वतः आजारी असतील तेव्हाही हाच नियम लागू आहे, नाहीतर पगाराच्या भीतीने त्या ताप अंगावर काढून येतील.

२२. काविळीचा रुग्ण बरा झाला, तरी पत्नीची तपासणी करायला सांगितली आहे. का?

कावीळ हे लक्षण आहे आणि कारणानुसार वाट बदलते (प्रश्न १). ‘ए’ आणि ‘ई’ प्रकार दूषित पाण्या-अन्नातून येतात आणि बरे झाल्यावर शरीरात राहत नाहीत. ‘ई’ प्रकार गर्भवतीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जीवघेणा ठरू शकतो, म्हणून अशा घरात तिला उकळलेलेच पाणी द्यावे. ‘बी’ प्रकार काही जणांच्या शरीरात लक्षणांविना वर्षानुवर्षे राहतो. त्यात जोडीदार आणि मुलांची रक्ततपासणी करून, लागण नसलेल्यांना लस द्यायची असते. वस्तरा, दात घासायचा ब्रश आणि नखे कापायचे यंत्र वेगळे ठेवावे. ताट, मिठी आणि अंथरूण वेगळे करण्याचे कारण नाही.

२३. घरातल्या सर्वांना आळीपाळीने टायफॉईड होतो. पाणी तर आम्ही उकळून पितो.

टायफॉईडमधून बरे झालेल्या काही थोड्या लोकांच्या पित्ताशयात जंतू राहतात आणि ते स्वतः ठणठणीत असताना विष्ठेतून जंतू बाहेर टाकत राहतात. ही व्यक्ती स्वयंपाक करणारी असेल तर उकळलेल्या पाण्याने साखळी तुटत नाही. घरातल्या सर्वांची, विशेषतः ज्यांना आधी टायफॉईड किंवा पित्ताशयाचे खडे झाले आहेत त्यांची, शौचाची कल्चर तपासणी करून घ्यावी. उपचार उपलब्ध आहे. यात दोष कोणाचाही नाही आणि त्या व्यक्तीला तसे जाणवू देऊ नये.

२४. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे रुग्ण आढळले. तो आजार घरात एकाकडून दुसऱ्याला लागतो का?

गिया-बारे सिंड्रोम स्वतः लागत नाही. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच नसांवर हल्ला करते. रुग्णाला स्पर्श करणे, भरवणे, त्याच्या शेजारी झोपणे यात धोका नाही. मात्र ज्या संसर्गानंतर तो होतो, त्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय या जंतूमुळे होणारे जुलाब प्रमुख आहेत, आणि तो जंतू दूषित पाण्यातून व अर्धवट शिजलेल्या चिकनमधून घरातल्या अनेकांच्या पोटात एकाच वेळी जाऊ शकतो. सिंहगड रस्ता परिसरातल्या त्या साथीत संशय पाण्यावरच गेला होता. म्हणून अशा घरात रुग्णापासून दूर राहण्याऐवजी पाणी उकळावे, टाकी साफ करून घ्यावी, चिकन पूर्ण शिजवावे, ते कापलेली सुरी आणि पाट धुतल्याशिवाय भाजीला लावू नये, आणि प्रश्न ७ व १० मधील नियम पाळावेत. जुलाबांनंतर दोन-तीन आठवड्यांत कोणाच्या पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा सुरू झाला, जिना चढणे जड जाऊ लागले, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.